हिरवा ठिपका किती जुना आहे?

कृष्णाकाठी, भिलवडीपासून खाली सांगली-मिरजेपर्यंत, बऱ्याच उसाची मोटार उसाजवळ नसतेच. ती नदीवर असते. काठावर स्टार्टरची पेटी, पात्रात फूटव्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी खाली उतरू न देणारी झडप) आणि तिथून लांबच लांब पाइपलाइन टाकून पाणी रानात आणलेलं. शेतीची थ्री फेज लाईट वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीनं येत आली आहे, कधी दिवसा ८ तास, कधी रात्री १० तास. रात्रीची पाळी आली की घरातल्या कुणीतरी उठायचं, बॅटरी घेऊन नदीवर जायचं, बटण दाबायचं आणि पाणी पडलं का ते बघायला पुन्हा रानात यायचं. वाटेवर घोणस असते, मण्यार असते. नदीत मगरी आहेत आणि त्या काठावर येतात, हे तिथल्या लहान पोरांनाही माहीत असतं.

ही पायपीट वाचावी म्हणून फोनवरून मोटार चालू-बंद करणारी यंत्रं आली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'ला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं, तेव्हा गावोगावी अजून बटणांचेच फोन होते. आता पेटीत सिम असतं, हातात ॲप असतं. ॲप उघडलं की मोटारीच्या नावापुढे ठिपका दिसतो. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद, करडा म्हणजे संपर्क नाही. मी अशा यंत्रांच्या सर्व्हरच्या बाजूला काम करते. तो ठिपका कोणत्या क्षणी कोणत्या रंगाचा दाखवायचा हे ठरवणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. ऐकणाऱ्याला हे किरकोळ वाटतं. यंत्राला विचारायचं आणि ते सांगेल ते दाखवायचं, त्यात काय एवढं? मला मात्र सॉफ्टवेअरमधलं हे फार जबाबदारीचं काम वाटतं, कारण त्या ठिपक्याकडे बघून रात्री दोन वाजता कुणीतरी नदीवर जायचं की झोपायचं ते ठरवत असतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. यंत्र आत्ता चालू आहे, हे कुठलाच सर्व्हर कधीच सांगू शकत नाही. शेवटचं ऐकलं तेव्हा ते चालू होतं, एवढंच त्याला ठाऊक असतं. मधल्या काळाचा आपण अंदाज बांधतो आणि तो अंदाज हिरव्या रंगात रंगवतो. अंदाज बांधण्यात गैर काही नाही, त्याशिवाय चालतही नाही. पण बघणाऱ्याला तो अंदाज आहे हे कळलं पाहिजे, आणि किती जुन्या बातमीवर बांधला आहे तेही.

या पेट्या सर्व्हरशी बहुधा एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीनं बोलतात. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लन निपर या दोघांनी ती तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी बांधली. दूरवर पसरलेल्या पाइपलाइनी आणि उपग्रहावरून मिळणारा महागडा, तोकडा संपर्क ही त्यांची अडचण होती. पाइपलाइनी आणि तोकडा संपर्क आमच्याकडेही आहे, त्यामुळे ती पद्धत इथे चपखल बसली. तिच्यात दोन गोष्टी फार विचारानं घातल्या आहेत. पहिली 'कीप अलाइव्ह'. जोडणी करतानाच यंत्र कबूल करतं की मी अमुक सेकंदांत एकदा तरी बोलेन, सांगण्यासारखं काही नसलं तर नुसतं 'पिंग' करेन. त्या मुदतीच्या दीडपट वेळ गेला आणि काहीच ऐकू आलं नाही, तर मधला ब्रोकर, म्हणजे सगळ्यांचे निरोप घेऊन पुढे पोचवणारा सर्व्हर, जोडणी तोडून टाकतो. दुसरी गोष्ट मृत्युपत्राची. जोडणीच्या वेळीच यंत्र ब्रोकरकडे एक चिठ्ठी ठेवून देतं, की मी न सांगता गेले तर माझ्या वतीनं ही सगळ्यांना वाचून दाखवा. यंत्र रीतसर 'येते' म्हणून गेलं तर चिठ्ठी न वाचताच फाडली जाते.

आता हिशेब करा. मुदत ६० सेकंदांची ठेवली, तर नदीवरची पेटी विझल्यानंतर दीड मिनिटापर्यंत ॲपवर हिरवं दिसत राहू शकतं. मग मुदत कमी का नाही ठेवायची? प्रत्येक पिंगला डेटा लागतो, पेटीत बॅटरी असेल तर तिच्यावर ताण येतो, आणि नदीच्या खोलगट काठावर रेंज जेमतेम असते. तिथे १०-१५ सेकंदांची मुदत ठेवली तर धडधाकट पेटीसुद्धा दिवसभर गेली-आली, गेली-आली करत राहते. मुदत वाढवली की खोटं हिरवं जास्त वेळ टिकतं, कमी केली की खोटं करडं वाढतं. यातून सुटका करणारा आकडा नाही. कुठली चूक कुणाला महाग पडते ते बघूनच मुदत ठरवावी लागते.

नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींना वाटतं, मुदत कशाला हवी, जोडणी तुटली की कळेलच. पण तुटल्याचं कळायला कुणीतरी तसं सांगावं लागतं, आणि पेटीच विझली तर सांगणार कोण? सर्व्हरच्या बाजूनं ती जोडणी उघडीच दिसत राहते. ही जोडणी ज्या टीसीपी नावाच्या इंटरनेटच्या पद्धतीवर उभी असते, तिची स्वतःची विचारपूस लिनक्सवर चालू केली, तरी मूळ मांडणीत ती २ तासांच्या शांततेनंतर सुरू होते आणि मग ७५-७५ सेकंदांनी ९ वेळा हाका मारते. म्हणजे मेलेलं यंत्र २ तास ११ मिनिटं जिवंत दिसणार. शेतीच्या लाईटचा पाव दिवस त्यात गेला. शिवाय मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यातली मधली यंत्रणा बराच वेळ गप्प पडलेली जोडणी परस्पर खोडून टाकते. ना पेटीला पत्ता, ना सर्व्हरला.

याहून फसवा प्रकार पेटी परत येते तेव्हाचा. रेंज जाते, पेटी नव्यानं जोडते आणि 'मी आले' म्हणून कळवते. त्याच नावाची नवी जोडणी आली की ब्रोकर जुनी तोडतो आणि तिचं मृत्युपत्र वाचतो. ब्रोकर एकच असेल तर क्रम सहसा नीट राहतो. तो अनेक सर्व्हरवर पसरलेला असेल, तर 'मी आले' आधी पोचतं आणि जुन्या जोडणीची मरणवार्ता मागून येते. मग जिवंत, बोलतं यंत्र पडद्यावर मेलेलं दिसत राहतं. कारखान्यांसाठी एमक्यूटीटीवर बांधलेली स्पार्कप्लग नावाची पद्धत आहे, तिच्यात जन्माचा आणि मृत्यूचा असे दोन दाखले असतात आणि दोघांवर एकच क्रमांक असतो. सातव्या जन्माला सातवाच मृत्यू लागू. आठवा जन्म झालेल्या यंत्राच्या नावानं सातव्याची मरणवार्ता आली तर ती बाजूला ठेवायची. इतकी साधी आणि इतकी नेमकी युक्ती मी क्वचितच पाहिली आहे. ज्या कुणी ती घातली, त्यांनी असे भूतबाधेचे किस्से बरेच निस्तरले असणार.

हे सगळं झालं संपर्काबद्दल. शेतकऱ्याला संपर्काचं काही पडलेलं नसतं, त्याला पाणी हवं असतं. ॲपवर 'चालू' दाबल्यापासून सरीत पाणी पडेपर्यंत चार वेगवेगळ्या गोष्टी घडाव्या लागतात. सर्व्हरनं हुकूम पाठवला. पेटीनं तो ऐकून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा स्विच, ओढला. मोटारीनं करंट घेतला. पाणी चढलं. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पाणी उतरलेलं असेल, तर मोटार रिकामी फिरते. करंट घेते, पण नेहमीपेक्षा कमी. एखादा फेज गेलेला असेल तर ती नुसती घुमते आणि वायंडिंग जळायच्या वाटेला लागते. या चारही पायऱ्यांना मिळून एक 'चालू' आणि एक हिरवा रंग देणारी ॲप्स बाजारात आहेत. पलूसकडे माझे मामा असतात, त्यांच्या पेटीचं ॲप त्यातलंच एक. एका रात्री त्यांचा फोन आला.

"अगं, हिरवं दिसतंय बघ. पण पाइपाला कान लावला तर आत आवाज न्हाई."

"मामा, अँपिअर किती दाखवतंय?"

"अँपिअर कुठलं? नुसतं हिरवं दाखवतंय."

झालं होतं असं की त्यांनी बटण दाबताक्षणी ॲपनं ठिपका हिरवा केला होता. हुकूम पेटीपर्यंत पोचलाच नव्हता, नदीवर रेंज नव्हती. पडदा खोटं बोलत होता असंही म्हणता येणार नाही. मामांची इच्छाच तो मामांना परत दाखवत होता. माझ्या लेखी हे खोट्याहून वाईट. ॲमेझॉनच्या आयओटी, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांसाठीच्या, सेवेत प्रत्येक यंत्राची एक 'शॅडो' ठेवतात आणि तिच्यात दोन रकाने वेगळे असतात, आपल्याला काय हवं आहे आणि यंत्र स्वतःबद्दल काय सांगतं आहे. दोन्ही जुळेपर्यंत काम अर्धवट आहे असं समजायचं. मामांच्या ॲपमध्ये हे दोन रकाने असते, तर बटण दाबल्यावर 'हुकूम पाठवला, पेटीचं उत्तर अजून नाही' एवढं दिसलं असतं. मामा चिडले असते, पण पाइपाला कान लावत रानात उभे राहिले नसते.

गप्प बसलेल्या यंत्राचं काय समजायचं, हा प्रश्न आमच्या धंद्यापेक्षा मोठा आहे. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी गणितानं सिद्ध केलं, की निरोप पोचायला किती वेळ लागेल याला काही मर्यादाच नसेल आणि जाळ्यातलं एखादं जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर योगायोगाचा आधार न घेता बाकीच्यांचं एकमत होईलच अशी हमी देणारी रीत बांधता येत नाही. अडचणीच्या मुळाशी गोष्ट साधी आहे. सावकाश चाललेलं यंत्र आणि मेलेलं यंत्र बाहेरून सारखंच दिसतं. पुढे १९९६ मध्ये चंद्रा आणि टूएग यांनी वेगळ्या बाजूनं हात घातला. अचूक ओळखणारा पहारेकरी मिळत नसेल तर चुकणारा पहारेकरी घ्या, पण तो कशा प्रकारे चुकतो आणि चूक कधी ना कधी सुधारतो का, ते नीट ठरवून घ्या, मग त्याच्या भरवशावर बरंच काही बांधता येतं. मला या शोधनिबंधातला प्रामाणिकपणा फार जवळचा वाटतो. संशय घ्यायला परवानगी आहे आणि तो मागे घ्यायलाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली, तेव्हा हे सगळं नकाशावर उलगडताना दिसलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा असतो, ४५ फुटांवर धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. पूर यायच्या आधी काठावरचे लोक मोटारी काढतात, ट्रॅक्टरला दोर लावून वर ओढतात, पेट्या सोडवून घरी नेतात. ज्यांना वेळ मिळाला नाही त्यांच्या पाण्यात जातात. महावितरण पाणी वाढेल तशी एकेक भागाची वीज तोडतं, नाहीतर माणसं मरतील. टॉवरखालच्या बॅटऱ्या संपतात. आमच्या नकाशावर या चारही गोष्टींचा रंग एकच होता, करडा.

पण एकेकट्या ठिपक्यात न दिसणारं काही त्यांच्या समूहात दिसत होतं. एकच पेटी गप्प झाली तर पेटीत काहीतरी बिघडलं. एका फीडरवरच्या, म्हणजे सबस्टेशनहून निघालेल्या एकाच वीजवाहिनीवरच्या, सगळ्या एकाच मिनिटाला गप्प झाल्या तर लाईट तोडली. वेगवेगळ्या फीडरवरच्या, पण एकाच टॉवरखालच्या पेट्या गेल्या तर टॉवर गेला. आणि काठाला लागून असलेल्या पेट्या एकामागून एक, कुणी सकाळी, कुणी दुपारी, उंचीच्या हिशेबानं गप्प होत गेल्या, तर नदी वर येते आहे. त्यानंतर आम्ही प्रत्येक पेटीच्या नोंदीत तिचा फीडर, तिची डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) आणि ती बोलते तो टॉवर लिहायला सुरुवात केली. एखादी पेटी गप्प झाली की तिच्या शेजारणी काय करताहेत ते आधी बघायचं. शेतकऱ्याला 'संपर्क नाही' असं सांगण्यापेक्षा 'तुमच्या फीडरवरच्या सगळ्याच पेट्या २:४० ला बंद झाल्या, बहुधा लाईट गेली' हे सांगणं कितीतरी उपयोगाचं असतं. त्याला नदीवर जावं लागत नाही.

त्याच पुरानं आणखी एक रंग वाढवला. घरी नेऊन ठेवलेली पेटी आणि वाहून गेलेली पेटी यांत फरक हवा, आणि तो फरक फक्त मालक सांगू शकतो. म्हणून ॲपमध्ये 'मी काढून ठेवली आहे' असं बटण आलं.

पेटीत छोटी बॅटरी किंवा मोठा कपॅसिटर असला, तर लाईट गेल्यावर ती काही क्षण जगते आणि 'लाईट गेली' एवढा एक शेवटचा निरोप पाठवू शकते. स्मार्ट मीटरमध्येही असंच करतात. त्या एका निरोपानं आमचं निम्मं काम हलकं होतं, कारण शांततेचं कारण शांततेच्या आधीच कळलेलं असतं. यावर खर्च वाचवणाऱ्यांशी मी नेहमी भांडते.

लाईट परत येते तेव्हा दुसरी गंमत. गावाकडे पंपाला ऑटोस्विच बसवलेला असतो, लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून. फीडरवर वीज आल्या क्षणी सगळ्या मोटारी एकदम उठतात, उठताना प्रत्येक मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि डीपी जळते. मग सगळ्यांचंच पाणी बंद. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. सर्व्हरची डीपीही अशीच जळते. लाईट आल्याबरोबर शेकडो पेट्या एकाच सेकंदाला दार ठोठावतात, प्रत्येकीला ओळख पटवून सुरक्षित जोडणी हवी असते, सर्व्हर गुदमरतो, जोडण्या फसतात आणि फसलेल्या सगळ्या पुन्हा एकदम येतात. उपाय असा, की प्रत्येक पेटीनं स्वतःपुरता काही सेकंदांचा फासा टाकायचा, तेवढं थांबायचं, जमलं नाही तर दुप्पट थांबून पुन्हा यायचं. म्हणजे लाईट आल्यावरही काही पेट्या मुद्दाम उशिरा बोलतात आणि तेवढा वेळ त्या करड्या दिसतात. रांग नीट लागावी म्हणून आपणच घडवलेली ती शांतता आहे, आणि पडद्यानं तिला बिघाड म्हणू नये.

आतापर्यंत मी सर्व्हरच्या बाजूनं बोलले. पेटीच्या बाजूनं पाहिलं तर तिलाही आमचं काही ऐकू येत नसतं. २१ जुलै २०२३ ला व्हॉयेजर २ यानाला चुकीची आज्ञा गेली आणि त्याचा अँटेना पृथ्वीपासून २ अंशांनी बाजूला वळला. संपर्क संपला. काही दिवसांनी नासाच्या मोठ्या अँटेनांना त्याची नुसती लहर ऐकू आली, म्हणजे ते जिवंत होतं. मग ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या अँटेनावरून पूर्ण ताकदीनं हाक मारली गेली. ती पोचायला साडेअठरा तास, उत्तर यायला तेवढेच. ४ ऑगस्टला यान पुन्हा बोलू लागलं. या हकिगतीतला मला भावणारा भाग थोडा मागे राहतो. हाक पोचली नसती तरी १५ ऑक्टोबरला यानानं स्वतःहून आपला अँटेना पृथ्वीकडे वळवलाच असता. वर्षातून काही वेळा तसं करायचं, हे त्याला आधीच शिकवून ठेवलेलं होतं. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनचा हात 'डेड मॅन्स हँडल'वरून सुटला की गाडी थांबते, तेही याच कुळातलं. समोरून काही आलं नाही तर काय करायचं, हे यंत्राच्या आतच ठरलेलं असावं. नदीवरच्या पेटीला हेच लागू आहे. मोटार रिकामी फिरू लागली तर सर्व्हरला विचारत बसू नये, बंद करावी. ठरलेले तास झाले आणि 'बंद'चा हुकूम ऐकू आला नाही, तरी बंद करावी. सर्व्हरवरचा ठिपका कितीही चांगला केला तरी मोटार वाचवायचं काम त्याच्याकडे देऊ नये.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो मुदतीवरूनच. २००४ मध्ये हायाशिबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रीत मांडली, तिला फाय ॲक्रुअल म्हणतात. कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये ती वापरली जाते. तिच्यात 'जिवंत' किंवा 'मेलेलं' असा निकाल नसतो. यंत्र आजवर किती किती वेळानं बोलत आलं ते लक्षात ठेवायचं आणि सध्याची शांतता त्या सवयीच्या मानानं किती विचित्र आहे, त्याचा संशयांक काढायचा. शांतता लांबेल तसा संशय चढत जातो. मी ही रीत आणायच्या बाजूची आहे, कारण नदीवरच्या पेटीला आणि गावातल्या टाकीवरच्या पेटीला एकच मुदत लावणं मला पटत नाही. माझ्या सहकारी मैत्रिणीनं मात्र एक आक्षेप काढला आणि तो खोडता येत नाही. वाईट रेंजमधली पेटी महिनोन्महिने तुटक बोलते. ही रीत तेच तिचं स्वाभाविक बोलणं समजेल आणि तिच्या लांब शांततेला बिनसंशय सोडून देईल. म्हणजे ज्या शेतकऱ्याची अडचण सगळ्यात मोठी, त्यालाच सगळ्यात उशिरा कळणार.

तिचं ऐकून आम्ही विभागणी केली. संशयांक आमच्या टीमच्या पडद्यावर, बिघाड शोधायला. शेतकऱ्याच्या ॲपवर संशयांक नाही आणि एकटा ठिपकाही नाही. तिथे दोन ओळी आहेत. 'शेवटचं ऐकलं २:१४ ला, तेव्हा मोटार ११ अँपिअर घेत होती.' आणि खाली, 'पुढचा निरोप २:२४ पर्यंत यायला हवा.' दुसरी ओळ शेतकऱ्यांनीच मागितली होती. २:२४ उलटून गेले की करडं व्हायची वाट न बघता ज्याचं तो ठरवतो, फोन करायचा, शेजाऱ्याला विचारायचं की बॅटरी घेऊन निघायचं. नदीवरच्या पेट्यांना या हंगामापासून हे लावलं आहे. विहिरीतल्या पाण्याची पातळी सांगणारे सेन्सर दिवसातून एकदाच बोलतात, एरवी झोपलेले असतात. त्यांच्या बाबतीत दुसरी ओळ कशी लिहायची, यावर आमचं अजून जमलेलं नाही.